दारूबंदीपलीकडचें काम



दारूबंदीचा जिल्हा म्हणून वर्धा सर्वांस ठाऊक आहे. परंतु गांधीजींचा विचार बंदीपाशींच थांबला नव्हता. १९४१ सालच्या डिसेंबरांत सेवाग्रामाहून बारडोलीस जातांना त्यांनीं आगगाडींत ‘रचनात्मक कार्यक्रम’ ही पुस्तिका लिहिली. कायद्याखेरीज तींत आणखी दोन मागण्या आहेत. वैद्यांनीं व्यसन सोडविण्याचे उपाय शोधावे, ही पहिली. थकल्याभागल्या मजुरांसाठीं विश्रांतीचीं, स्वस्त फराळाचीं व खेळांचीं ठिकाणें उघडावीं, ही दुसरी.

पहिलीस पुढें फळ आलें. १९८६ सालीं पुण्यास डॉ. अनिता व डॉ. अनिल अवचट यांनीं ‘मुक्तांगण’ स्थापिलें. तेथें औषधांच्या जोडीस समूहचर्चा व कुटुंबाचा आधार आला. दुसरी मागणी मात्र मागें राहिली. उपचार संपतांच संसारी मनुष्य घरीं परततो. बेघर मनुष्यानें कोठें परतावें? स्टेशनाबाहेर, त्याच जुन्या सोबत्यांत! शरीर सुधारलें तरी त्याची संध्याकाळ रिकामीच राहते. त्यास औषधाइतकीच छपराची, कामाची व विचारपूस करणाऱ्या माणसाची जरूरी आहे.

कायदा दुकान बंद करूं शकतो; दार उघडणें मात्र आपल्याच हातीं आहे.