फुप्फुसकार्याचा ऱ्हास : बाळापूर व वऱ्हाड

वय, उंची व लिंग यांच्या मानाने जेवढी हवा फुप्फुसांत मावायला हवी तेवढी न मावणे किंवा आत घेतलेली हवा वेळेत बाहेर न पडणे, याला फुप्फुसकार्याचा ऱ्हास म्हणतात. श्वासनलिका अरुंद झाल्यास अवरोधी दोष निर्माण होतो. दमा व सीओपीडी, म्हणजे दीर्घकालीन श्वसनमार्ग-अवरोध, हे त्याचे मुख्य प्रकार आहेत. फुप्फुसे लहान राहिली, ताठर झाली किंवा त्यांच्यावर व्रण उरले तर संकोची दोष होतो. पुष्कळ रुग्णांत दोन्ही दोष एकत्र आढळतात. अकोला जिल्ह्यातील बाळापूर तालुक्यात या ऱ्हासाची अनेक ज्ञात कारणे थोड्या परिसरात एकवटलेली आहेत.

मापन : जॉन हचिन्सन याने १८४६ मध्ये लंडनमध्ये श्वसनमापकाचे वर्णन प्रसिद्ध केले. आजची स्पायरोमेट्री चाचणी त्याच तत्त्वावर चालते. पूर्ण दम भरून जोराने सोडलेल्या एकूण हवेला एफव्हीसी आणि पहिल्या सेकंदात बाहेर पडलेल्या हवेला एफईव्ही-१ म्हणतात. श्वासनलिका रुंदावणारे औषध दिल्यानंतरही दुसऱ्याचे पहिल्याशी गुणोत्तर ०.७० पेक्षा कमी राहिल्यास अवरोध पक्का मानतात. फुप्फुसांची क्षमता विशीच्या सुमारास सर्वाधिक असते. पुढे निरोगी माणसातही ती दरवर्षी साधारण २५ ते ३० मिलिलिटर घटते. घट याहून वेगाने होत असली तरी सुरुवातीला काही जाणवत नाही. धाप लागू लागते तेव्हा बरीच क्षमता गेलेली असते आणि गेलेली क्षमता औषधाने पूर्ण परत येत नाही. म्हणून लक्षणांची वाट न पाहता मोजणी होणे महत्त्वाचे आहे.

प्रमाण : भारतात १९९० मध्ये सीओपीडीचे सुमारे २.८१ कोटी रुग्ण होते. २०१६ मध्ये ही संख्या ५.५३ कोटींवर गेली. त्याच वर्षी दम्याचे रुग्ण ३.७९ कोटी होते. या वाढीत लोकसंख्येची व सरासरी वयाची वाढही सामावलेली आहे. जगाच्या लोकसंख्येत भारताचा वाटा १८ टक्के होता, पण दीर्घकालीन श्वसनविकारांच्या रोगभारात तो ३२ टक्के होता. नागपूर व मुंबई यांसह अनेक केंद्रे असलेल्या ‘इन्सर्च’ या राष्ट्रीय पाहणीत ३५ वर्षांवरील ३.४९ टक्के लोकांत दीर्घकालीन श्वासनलिकादाह आढळला. ही पाहणी प्रश्नावलीवर आधारलेली होती. त्यामुळे लक्षणे न जाणवणारा ऱ्हास तिच्यात मोजला गेला नाही. मुंबई व पुणे येथे ‘बोल्ड’ या आंतरराष्ट्रीय प्रकल्पात प्रत्यक्ष स्पायरोमेट्री झाली. तिच्या निष्कर्षांत दक्षिण आशियाई लोकांतील कमी एफव्हीसी ठळकपणे दिसते. मात्र गोऱ्या अमेरिकनांवरून ठरवलेली मानके लावल्यास हे प्रमाण फुगते. आकडा वाचताना मानक कोणते हे पाहावे लागते.

कारणे : सीओपीडी म्हणजे विडी-सिगारेटचा आजार, हा समज वऱ्हाडात दिशाभूल करतो. २०१६-१७ च्या प्रौढ तंबाखू पाहणीनुसार महाराष्ट्रात धूम्रपान करणारे ३.८ टक्के होते, तर तंबाखू खाणारे, मळणारे व मिश्री लावणारे २४.४ टक्के. २०१६ मध्ये देशातील सीओपीडीच्या रोगभारापैकी ५३.७ टक्के भार हवेच्या प्रदूषणाकडे, २५.४ टक्के तंबाखूकडे आणि १६.५ टक्के व्यवसायातील धूळ-धुराकडे जात होता. प्रदूषणात घरातला धूरही मोजलेला आहे. कापूस वेचून झाल्यावर उरणाऱ्या पऱ्हाट्या, तुरीच्या तुराट्या व गोवऱ्या हे इथल्या चुलीचे जुने इंधन आहे. त्याचा धूर मुख्यतः बायका आणि त्यांच्याजवळ बसलेली लेकरे घेतात. बंद खोलीत रात्रभर जळणारी मच्छर अगरबत्तीही निरुपद्रवी नाही. एका कॉइलमधून सुमारे शंभर सिगारेटींइतके सूक्ष्म कण बाहेर पडतात.

जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करताना, कापसाची धूळ छातीत जाते. तिच्यामुळे होणाऱ्या बिसिनोसिसमध्ये आठवडी सुट्टीनंतर कामाच्या पहिल्या दिवशी छाती जास्त आवळते. कारखाने अधिनियम, १९४८ च्या तिसऱ्या अनुसूचीत या विकाराची नोंद होती. तालुक्यातील पारस येथे कोळशावरचे औष्णिक विद्युत केंद्र असून तेथे २५० मेगावॉटचे दोन संच आहेत. कोळशाच्या राखेत सिलिका असते. म्हणून अशी राख भरणाऱ्या, वाहणाऱ्या व तिच्या विटा पाडणाऱ्या कामगारांना संरक्षणाची गरज असते. वीटभट्टी, थ्रेशरवरची सोयाबीन व हरभऱ्याची धूळ आणि धुरे जाळताना होणारा धूर यांची त्यात भर पडते. अकोला व अमरावती ही शहरे २०१९ च्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात आहेत.

बरा झालेला क्षयही मागे व्रण ठेवतो. ‘बोल्ड’च्या विश्लेषणात पूर्वी क्षय झालेल्यांत अवरोधाची शक्यता सुमारे अडीच पट आढळली. ऱ्हासाचे मूळ जन्माआधीही असते. गर्भारपणातील कुपोषण, कमी जन्मवजन आणि बालपणीचा न्यूमोनिया यांमुळे फुप्फुसांची वाढ खुंटते. वऱ्हाडातल्याच मेळघाटातील कुपोषणाचा विचार करताना हा पैलूही धरला पाहिजे.

प्रतिबंध : मे २०१६ मध्ये सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेमुळे गॅस घरोघरी पोचला. तरी सिलिंडर परत भरणे परवडले नाही की पाणी तापवायला आणि भाकरी भाजायला चूल पेटते. आशा कार्यकर्त्या तिशीवरील व्यक्तींचे सी-बॅक प्रपत्र भरतात. त्यात स्वयंपाकाचे इंधन, पिकांचे अवशेष जाळणे आणि वीटभट्टीवरील काम यांबद्दल थेट प्रश्न आहेत. ‘होय’ असे उत्तर देणाऱ्या प्रत्येकाची स्पायरोमेट्री व्हायला हवी. ती सोय जिल्ह्याच्या ठिकाणापुरती न राहता तालुक्याच्या रुग्णालयात नियमित मिळाली पाहिजे. कधी विडी न ओढलेल्या बाईचा खोकला, जिनिंग कामगाराची धाप आणि क्षयातून उठलेल्या माणसाचा थकवा ही वयाची लक्षणे समजून सोडून देणे वैद्यकीयदृष्ट्या चूक आहे.