दिनविशेष : २३ जानेवारी
डीएनएमध्ये शेक्सपिअर (२०१३)

शेक्सपिअरची १५४ सुनीते, मार्टिन ल्यूथर किंग यांच्या १९६३ च्या भाषणातील २६ सेकंद, डीएनएची रचना उलगडणारा वॉटसन-क्रिक यांचा शोधनिबंध आणि एक छायाचित्र. यांसह पाच फाइलींचा ऐवज डीएनएत साठवून पुन्हा वाचल्याचे निक गोल्डमन, इवन बर्नी आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये आजच्या दिवशी ‘नेचर’मधून जाहीर केले. हे संशोधक केंब्रिजजवळच्या युरोपियन बायोइन्फर्मेटिक्स इन्स्टिट्यूटचे.

संगणकाच्या शून्य-एकची त्यांनी डीएनएच्या ए, सी, जी, टी या चार अक्षरांत अशी मांडणी केली, की एकच अक्षर लागोपाठ दोनदा येऊ नये. सलग सारखी अक्षरे आली की वाचणारे यंत्र चुकते. ११७ अक्षरांच्या दीड लाखांहून अधिक साखळ्या तयार झाल्या. मजकुराचा प्रत्येक तुकडा चार वेगवेगळ्या साखळ्यांत पुन्हा-पुन्हा ठेवला, म्हणजे एखादी बिघडली तरी उरलेल्या कामी याव्यात.

कॅलिफोर्नियातील अ‍ॅजिलेंट कंपनीने बनवलेला हा डीएनए नळीच्या तळाशी धुळीच्या कणाएवढाच दिसत होता. जर्मनीतील हायडेलबर्गला त्याचे वाचन झाले. पाचपैकी चार फाइल थेट उलगडल्या. पाचवीतील दोन छोट्या फटी संशोधकांनी हाताने भरल्या.

चुंबकीय फिती काही दशकांत नव्याने उतरवून घ्याव्या लागतात. कोरड्या, थंड, अंधाऱ्या जागी डीएनए मात्र हजारो वर्षे टिकतो आणि त्याला वीज लागत नाही.

अडचण खर्चाची होती. एक मेगाबाइट लिहिण्याचा तेव्हाचा अंदाजे खर्च होता १२,४०० डॉलर.