टी-आय-ओ-एन शन!

आमच्या राजारामपुरीत गल्ल्यांना नंबर आहेत. त्यामुळे पाहुणा पत्त्यात सहसा चुकत नाही. इंग्रजी स्पेलिंगला ही सोय नाही. मी तीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलं आणि 'टी-आय-ओ-एन शन' हा मंत्र पोरांकडून घोकून घेतला. पोरं गुणी. त्यांनी तो 'फॅशन'ला लावला, 'मिशन'ला लावला आणि एकानं 'पेन्शन'लाही लावला. त्याला मी वर्गासमोर उभा केला आणि तो शब्द पन्नास वेळा लिहायला सांगितला.

"सर, ऐकाय तर एकच येतंय की!" तो म्हणाला.

मी त्याला गप्प बसवलं. कारण उत्तर मलाच ठाऊक नव्हतं.

पुढे मी निवृत्त झालो. फॉर्म घेऊन खिडकीशी गेलो, तर आत तोच बसलेला. त्यानं माझा फॉर्म वाचला, पेन उचललं आणि काही न बोलता 'पेन्शन'मधल्या 'टी'चा 'एस' केला. आता वाचकहो, धरणीमाते, पोटात घे, असं होणार नाही तर काय!

घरी येऊन पुस्तकं काढली. सगळं मूळ लॅटिनमध्ये. तिथल्या क्रियापदाच्या भूतकाळी रूपात 'टी' असेल तर नामातही 'टी', 'एस' असेल तर 'एस'. 'उभं राहणं' यावरून स्टेशन. 'तोलून पैसे मोजणं' यावरून पेन्शन. 1066 साली नॉर्मनांनी इंग्लंड जिंकलं आणि त्यांच्या फ्रेंचबरोबर असले शब्द तिथे शिरले. 1400 साली वारलेल्या चॉसरच्या काळात या शेवटाचा उच्चार 'सिऊन' असा ऐसपैस होता आणि 'टी'च्या जागी पुष्कळदा 'सी' लिहीत. मग पंडितांना लॅटिन आठवलं, त्यांनी 'टी' परत बसवला. लोकांची जीभ मात्र घसरत घसरत सतराव्या शतकात 'शन'वर आली. कागदावर आजोबा राहिले, तोंडात नातू!

आपलं बरं. कोल्हापुरात 1891 साली रेल्वे आली, लोकांनी तिला 'टेसन' दिलं आणि विषय संपवला. देवनागरीत सगळ्यांना एकच 'शन'. आपला घोळ एवढाच, की 'ते' स्टेशन, पण 'ती' फॅशन. आणि गंमत म्हणजे हे 'स्टेशन' आपल्या 'स्थिती'चं चुलत भावंड. धातू तोच, उभं राहण्याचा; आणि 'ति' हा प्रत्ययही तोच. म्हणजे ज्या 'टी'साठी मी पोरांना उभं केलं, तो घरचाच निघाला.

उत्तर देणं लागत होतो, म्हणून पुन्हा खिडकीशी गेलो आणि त्याला हे सगळं सांगितलं. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हणजे सर," तो म्हणाला, "घोळ लॅटिनवाल्यांचा, आणि पन्नास वेळा लिहिलं मी!"