पाहुण्याचे भाषण आणि वाटसरू विद्यार्थी

काशीवासी आम्हा मराठी कुटुंबांस हिंदू विश्वविद्यालयाचे प्रांगण परके वाटत नाही. ४ फेब्रुवारी १९१६ रोजी त्याची कोनशिला बसली. दोनच दिवसांनी पाहुणे म्हणून आलेल्या गांधीजींनी, या पवित्र नगरीत स्वजनांशी इंग्रजीत बोलावे लागते ही लाजिरवाणी गोष्ट होय, असे भरसभेत सांगितले. ते भाषण अर्धेच राहिले. त्याच वर्षी इंटरची परीक्षा सोडून काशीस आलेल्या विनायक भावे या मराठी तरुणाने त्याचा वृत्तांत वर्तमानपत्रात वाचला, गांधीजींशी पत्रव्यवहार केला आणि ७ जून रोजी कोचरबचा आश्रम गाठला. तेच आपले विनोबा. मुलांस विश्वविद्यालयात धाडताना आम्ही मायबोलीची शिदोरी सोबत देतो काय? ते अपुरे भाषण आम्हांस आजही हेच विचारीत आहे.