घरी ऑक्सिजन देताना घ्यायची काळजी आणि योजनेचा लाभ: गुम्मिडिपूंडीतील मराठी कुटुंबांसाठी माहिती

गुम्मिडिपूंडी हे तमिळनाडूच्या तिरुवळ्ळूर जिल्ह्यातील, चेन्नईच्या उत्तरेकडील औद्योगिक गाव आहे. तुम्ही कामानिमित्त येथे राहत असाल आणि घरातील रुग्णाला डॉक्टरांनी ऑक्सिजन सांगितला असेल, तर ही माहिती तुमच्यासाठी आहे. ऑक्सिजन हे औषध आहे. त्याचे प्रमाण डॉक्टर ठरवतात, ते घरच्यांनी बदलायचे नसते.

कोणत्या योजनेतून काय मिळते?

• आयुष्मान भारत (पीएम-जेएवाय): पात्र कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत मोफत उपचार मिळतात. महाराष्ट्रात काढलेले आयुष्मान कार्ड तमिळनाडूतील अंगीकृत रुग्णालयातही चालते. रुग्ण दाखल असताना मंजूर उपचारासाठी लागणारा ऑक्सिजन पॅकेजमध्येच धरलेला असतो.
• ही योजना दाखल रुग्णांसाठी आहे, बाह्यरुग्ण उपचार तीत येत नाहीत. त्यामुळे घरी आणलेल्या यंत्राचे भाडे मिळेल असे गृहीत धरू नका. डिस्चार्जपूर्वी आरोग्यमित्राला विचारा.
• ईएसआय: दरमहा २१,००० रुपयांपर्यंत वेतन असलेल्या विमाधारक कामगाराला व त्याच्या कुटुंबाला बाह्यरुग्ण उपचारही मिळतात. ई-पहचान कार्ड घेऊन ईएसआय दवाखान्यात जा आणि घरच्या ऑक्सिजनबाबत तेथील डॉक्टरांना विचारा.

डिस्चार्जच्या वेळी काय लिहून घ्यावे?

१. मिनिटाला किती लिटर ऑक्सिजन द्यायचा.
२. दिवसातून किती तास, आणि झोपेत द्यायचा का.
३. नाकाची नळी की मास्क. साध्या मास्कला मिनिटाला किमान ५ लिटर प्रवाह लागतो. त्यापेक्षा कमी ठेवल्यास सोडलेला श्वासच पुन्हा आत जातो.
४. ऑक्सिमीटरवर किती आकडा हवा. दीर्घकाळ फुप्फुसांचा आजार (सीओपीडी) असलेल्या अनेक रुग्णांसाठी तो ८८ ते ९२ टक्के ठेवतात. अशा रुग्णाला “जास्त दिला तर बरे वाटेल” म्हणून प्रवाह वाढवल्यास रक्तात कार्बन डायऑक्साइड साठून गुंगी येऊ शकते.

सिलिंडर कसा ओळखावा?

भारतात वैद्यकीय ऑक्सिजनचा सिलिंडर काळा आणि वरचा खांदा पांढरा असतो. वेल्डिंगसाठीचा औद्योगिक सिलिंडर पूर्ण काळा असतो. कारखान्यातून किंवा वर्कशॉपमधून ओळखीने मिळणारा सिलिंडर रुग्णाला कधीही लावू नका. त्यातील वायूची शुद्धता आणि सिलिंडरची स्वच्छता रुग्णासाठी तपासलेली नसते. नेहमी परवानाधारक विक्रेत्याकडूनच सिलिंडर घ्या.

छोट्या बी-टाइप सिलिंडरमध्ये सुमारे १,५०० लिटर वायू असतो. मिनिटाला २ लिटर दराने तो साधारण १२ तास पुरतो. काटा पाव भागावर येण्याआधीच दुसरा सिलिंडर मागवा.

आगीपासून सांभाळा

ऑक्सिजन स्वतः पेटत नाही, पण त्यामुळे इतर वस्तू चटकन पेटतात आणि जोरात जळतात. कपडे, केस आणि गादी यांत तो साठून राहतो.

• गॅसची शेगडी, समई, निरांजन, उदबत्ती, कापूर आणि डासांची कॉइल रुग्णापासून किमान १० फूट लांब ठेवा. एका खोलीचे घर असेल तर स्वयंपाकाच्या वेळी रुग्णाला दारालगत किंवा ओट्यावर बसवा. डॉक्टरांना न विचारता ऑक्सिजन बंद करू नका.
• घरात विडी-सिगारेट कोणीही ओढू नये.
• रुग्णाच्या चेहऱ्याला व्हॅसलीन किंवा बाम लावू नका. ओठ कोरडे पडल्यास पाण्यावर आधारित जेल वापरा.
• रेग्युलेटरला तेल किंवा ग्रीस लावू नका, तेलकट हातानेही उघडू नका. सॅनिटायझर लावल्यास हात पूर्ण वाळू द्या.
• सिलिंडर उभा ठेवून साखळीने बांधा. खोलीची खिडकी उघडी ठेवा.
• नळी वापरात नसताना प्रवाह बंद करा. ती चालू ठेवून गादीवर टाकू नका.

रुग्णालयात तपासणीला नेताना: एमआरआय खोलीत लोखंडी सिलिंडर नेऊ नका. जानेवारी २०१८ मध्ये मुंबईच्या नायर रुग्णालयात सिलिंडर घेऊन आत गेलेल्या नातेवाइकाचा मृत्यू झाला होता. “आत न्या, मशीन बंद आहे” असे कोणी सांगितले तरी थांबा. या मशीनचे चुंबक नेहमी चालूच असते.

कॉन्सन्ट्रेटर वापरत असाल तर

यंत्र भिंतीपासून एक फूट दूर ठेवा आणि थेट भिंतीतील सॉकेटला जोडा. बाटलीत उकळून गार केलेले किंवा डिस्टिल्ड पाणी भरा आणि ते रोज बदला. फिल्टर माहितीपुस्तिकेप्रमाणे धुवा. हे यंत्र विजेवर चालते. डिसेंबर २०२३ च्या मिचाँग वादळात चेन्नई परिसरात अनेक ठिकाणी वीज गेली होती. म्हणून ऑक्टोबर ते डिसेंबर या पावसाळी महिन्यांत एक भरलेला सिलिंडर घरात ठेवाच.

१०८ ला कधी फोन करावा?

ओठ किंवा नखे निळसर दिसणे, सलग वाक्य बोलता न येणे, गुंगी किंवा असंबद्ध बोलणे, अथवा आकडा डॉक्टरांनी सांगितलेल्या मर्यादेखाली जाऊन वर न येणे: यांपैकी काहीही दिसल्यास लगेच १०८ लावा. तमिळ येत नसेल तर “मूच्चुत्तिणरल” (धाप, श्वास कोंडणे) एवढा शब्द आणि तुमच्या घराजवळची ठळक खूण सांगा. पत्ता तमिळमध्ये कागदावर लिहून फोनजवळ चिकटवून ठेवा.

उपयोगी क्रमांक: रुग्णवाहिका १०८, आग लागल्यास १०१, आयुष्मान भारत १४५५५.