चोखंदळ पिल्लू आणि वाडग्याचा इतिहास



आजचा विषय आहे कुत्र्याच्या पिल्लाचे खाणे, आणि तेही नखरे करणाऱ्या पिल्लाचे. घरात पिल्लू आणलेल्या पुष्कळांची तक्रार एकच असते: "चांगलं म्हणून जे जे आणावं, ते नुसतं हुंगतं आणि तोंड फिरवतं हो!" मग पाकिटे बदलली जातात, कुणी दूध-पोळी कुस्करतो, कुणी चिकन उकडतो. आम्ही या प्रश्नाकडे इतिहासाच्या बाजूने पाहणार आहोत. पिल्लाने काय खावे हे आजवर कुणी ठरवले आणि कशासाठी ठरवले, हे एकदा कळले की आपली निवड सोपी होते.

आम्ही जन्मभर तत्त्वज्ञान शिकवले, तेव्हा सुरुवात प्लेटोपासून केली तर आपण समजून घ्याल. 'गॉर्जियास' या संवादात सॉक्रेटिस एक कल्पना मांडतो. समजा, चांगले अन्न कोणते याचा निवाडा मुलांसमोर करायचा आहे. एका बाजूला स्वयंपाकी, दुसऱ्या बाजूला वैद्य. निकाल काय लागेल? वैद्य उपाशी मरेल! रुचकर आणि हितकर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि खाणाऱ्याची जीभ पहिलीच ओळखते. ही जोडी लक्षात ठेवा. पिल्लाच्या वाडग्याचा सगळा इतिहास या दोघांच्या भांडणाचा आहे. फक्त त्यात एक तिसरा माणूस आहे, तो म्हणजे मालक.

प्राचीन रोममध्ये तर मालकाचेच चालत होते. इ. स. पूर्व 37 च्या सुमारास वारो या लेखकाने शेतीवर ग्रंथ लिहिला. मेंढ्यांच्या राखणीच्या कुत्र्याला जवाची भाकरी दुधात कुस्करून द्यावी, असे तो सांगतो. का? तर त्या खाण्याची सवय लागली की कुत्रा कळप सोडून जात नाही. मेलेल्या मेंढीचे मांस मात्र त्याला देऊ नये, कारण चव लागली तर तो जिवंत मेंढीवरही तोंड टाकेल. बघा, यात कुत्र्याच्या प्रकृतीचा विचार कुठेच नाही. विचार आहे तो मेंढ्यांचा.

आपल्याकडे वैश्वदेवात कुत्र्यासाठी अन्न बाजूला काढून ठेवण्याची सांगी मनुस्मृतीत आहे. खेड्यात भाकरतुकडा चालत आला. पण गावातला कुत्रा दहा दारे फिरतो. इथे भाकरी, तिथे हाडूक, उकिरड्यावर आणखी काही. म्हणजे त्याची निवड तोच करत असतो. शेती करणाऱ्या माणसाच्या सहवासात त्याचे पोटही बदलले. स्वीडिश संशोधकांनी 2013 मध्ये दाखवून दिले की पिष्ट पचवणाऱ्या एका जनुकाच्या प्रती लांडग्यापेक्षा कुत्र्यात पुष्कळ जास्त असतात. तेव्हा भाकरी हे त्याला परके अन्न नाही. अडचण सुरू होते ती कुत्रा दाराआड आल्यावर, त्याला दहा दारांऐवजी एकच वाडगा उरल्यावर.

ही अडचण बाजाराने ओळखली ती लंडनमध्ये. तिथे घोड्याचे मांस विकणारे फेरीवाले कुत्र्या-मांजरांसाठी दारोदार फिरत. 1860 च्या सुमारास जेम्स स्प्रॅट नावाचा अमेरिकन गृहस्थ विजेपासून इमारती वाचवणारे दांडे विकायला इंग्लंडात आला. गोदीवर फेकलेली जहाजी बिस्किटे कुत्रे खाताना पाहून त्याला कल्पना सुचली, असे सांगतात. गव्हाचे पीठ, भाज्या, बीट आणि मांस यांचे कुत्र्यांसाठीचे बिस्किट त्याने बाजारात आणले. त्याच्याच कंपनीत तरुणपणी चार्ल्स क्रफ्ट कामाला होता. त्याने 1891 मध्ये आपल्या नावाचे श्वानप्रदर्शन भरवले. ते आजही भरते. म्हणजे जाहिरात आणि कुत्र्याचे खाणे यांची गाठ सुरुवातीलाच पडली. आता स्वयंपाकी कारखानदार झाला होता. वैद्य अजून यायचा होता.

तो आला, पण पिल्लांसाठी आला नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी ब्रिटनमधल्या औद्योगिक शहरांतल्या मुलांना मुडदूस होत होता. एडवर्ड मेलनबी यांनी कारण शोधण्यासाठी पिल्ले घरात कोंडून ठेवली आणि त्यांना पाव, ओटची लापशी, थोडे दूध असे खाणे दिले. पिल्लांची हाडे वाकली. त्याच खाण्यात कॉड माशाच्या यकृताचे तेल घातले की ती वाकत नसत. 1919 मध्ये त्यांनी हे प्रसिद्ध केले, आणि या वाटेने पुढे 'ड' जीवनसत्त्वाचा शोध लागला. अमेरिकेत मका खाणाऱ्या गरिबांना पेलाग्रा होई, कुत्र्यांना त्याच जातीचा 'काळी जीभ' नावाचा रोग होई. 1937 मध्ये एल्व्हेजम यांनी निकोटिनिक आम्लाने तो बरा केला. आम्ही या प्रयोगांपाशी थोडे थांबतो. पोट भरणे आणि पोषण होणे यांतले अंतर माणसाला कळले, त्याची किंमत त्या पिल्लांनी आपल्या हाडांनी मोजली आहे. ते ज्ञान आपल्या घरातल्या पिल्लासाठी न वापरणे हा कृतघ्नपणा ठरेल.

पुढे दुसऱ्या महायुद्धात पत्रा युद्धाकडे वळला, डबाबंद अन्न मागे पडले आणि कोरडे पुढे आले. 1957 मध्ये अमेरिकेत न्याहारीच्या धान्यासारखे यंत्रातून फुलवून काढलेले दाणे आले. अशा दाण्यांवर शेवटी चरबी आणि यकृतासारख्या मांसापासून केलेला चवीचा अर्क फवारतात. दोन वाडगे समोर ठेवून कुत्रा कोणता आधी संपवतो, हेही मोजतात. प्लेटोचा स्वयंपाकी असा प्रयोगशाळेत पोचला! म्हणून 'आमच्या पिल्लाला हे फार आवडतं' हा अन्न चांगले असल्याचा पुरावा नव्हे. आणि 'ते खात नाही' हा ते वाईट असल्याचाही नव्हे.

मग ते नाकारते का? इथे पुन्हा प्लेटो. 'रिपब्लिक'मध्ये तो कुत्र्याला थट्टेने तत्त्वज्ञ म्हणतो, कारण कुत्रा ओळखीच्याला मित्र मानतो आणि अनोळख्यावर भुंकतो. ताटातही तेच. 2006 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आईला गाभणपणी आणि पिल्ले दूध पीत असताना बडीशेपेसारख्या वासाचे अन्न दिले होते. पिल्लांनी पुढे तोच वास पसंत केला. म्हणजे नखरा हा बहुधा अनोळखीपणा असतो. रोज पाकीट बदलून आपण तो वाढवतो. शिवाय पिल्लू शिकते की तोंड फिरवले की याहून चविष्ट काहीतरी येते.

तेव्हा करायचे काय? पाकिटावर 'वाढीच्या वयासाठी संपूर्ण आणि संतुलित' असा उल्लेख आहे का, ते पाहावे. मोठ्या जातीचे पिल्लू असेल तर त्यासाठीचेच अन्न घ्यावे आणि वरून कॅल्शियम घालू नये. नेदरलँड्समधील उत्रेख्त विद्यापीठात 1980 च्या दशकात ग्रेट डेन पिल्लांवर दिसून आले की जास्त कॅल्शियमनेही हाडे बिघडतात. नवे अन्न जुन्यात मिसळून आठवडाभरात बदलावे. वेळ ठरवून वाडगा ठेवावा, वीस मिनिटांनी उचलावा. किंचित कोमट पाण्याने वास खुलतो. नुसती दूध-पोळी म्हणजे मेलनबींच्या लापशीची बहीणच. आपल्या ताटातला कांदा-लसूण, मनुका आणि चॉकलेट तर विषच. मात्र लहान पिल्लाने दिवसभर काहीच खाल्ले नाही, किंवा उलटी, जुलाब, मलूलपणा दिसला, तर त्याला नखरा म्हणू नये. लगेच पशुवैद्याकडे न्यावे.

शेवटी एवढेच. गावातल्या कुत्र्याकडे दहा दारे होती. आपण पिल्लाला आत घेतले आणि नऊ दारे बंद केली. आता नकार देणे एवढीच निवड त्याच्या हाती आहे. त्या नकाराचा राग मानू नये आणि त्याला शरणही जाऊ नये. त्याचा अर्थ लावावा. स्वयंपाकी आणि वैद्य यांच्यातला निवाडा लहानग्याच्या जिभेवर सोडायचा नसतो. तो शहाण्या माणसाने करायचा असतो, आणि या घरात तो माणूस आपण आहोत.