एरंडेलापासून २०डब्ल्यू-५० पर्यंत

आमच्या लहानपणी तेल वेगळं आणि वंगण वेगळं. तेल फोडणीला आणि देवापुढच्या समईला, वंगण बैलगाडीला. गाडीच्या साटीखाली बांबूचं नळकांडं टांगलेलं असायचं, त्यात एरंडेलाचं काळंकुट्ट वंगण. आख कुरकुरायला लागला की गाडीवान चाक थोडं ओढून काडीने ते आत सारायचा. हेच एरंडेल पोट साफ व्हावं म्हणून आई आम्हाला नाक दाबून पाजायची, त्यामुळे त्या नळकांड्याबद्दल आम्हा मुलांना फारसं प्रेम नव्हतं!

पण मंडळी, मोटारीच्या तेलाचा इतिहासही ह्याच एरंडेलापाशी येऊन भिडतो. चार्ल्स वेकफील्ड ह्या इंग्रज व्यापाऱ्याने १८९९ मध्ये वंगणाची कंपनी काढली आणि १९०९ मध्ये खनिज तेलात एरंडेल मिसळून मोटारी-विमानांसाठी नवं वंगण आणलं. एरंडेलाला इंग्रजीत कॅस्टर ऑईल म्हणतात, त्यावरून नाव पडलं कॅस्ट्रॉल. पहिल्या महायुद्धातल्या विमानांची फिरती इंजिनं तर एरंडेलावरच चालत, कारण ते पेट्रोलमध्ये सहजी विरघळत नाही. दोष एकच, तापून तापून त्याचा डिंक होतो. मोटारीचं इंजिन वर्षानुवर्षं चालायला हवं, म्हणून पुढे खनिज तेलानेच बाजी मारली.

हे सगळं आठवायचं कारण माझा पुतण्या. आपल्या दादांची १९७८ ची पद्मिनी (आपण सगळे तिला शेवटपर्यंत फियाटच म्हणत आलो) दादा गेल्यापासून माधवनगरच्या घरी उभी आहे. ती तो पुन्हा चालू करणार आहे. दुकानदाराने त्याला सांगितलं, सगळ्यात महागाचं ५डब्ल्यू-३० सिंथेटिक घाला, इंजिन नव्यासारखं होईल. त्याने मला विचारलं, काका, घालू का? मी म्हटलं, थांब. मी मेकॅनिक नव्हे, इतिहासाचा मास्तर, पण हा प्रश्न थोडा इतिहासाचाच आहे.

वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली आणि पन्नाशीच्या दशकात कुर्ल्याच्या कारखान्यातून फियाट गाड्या बाहेर पडू लागल्या. पद्मिनी हे नाव आलं १९७४ मध्ये. पण तिचं १०८९ सीसीचं इंजिन मुळात इटलीत १९३७ मध्ये निघालेल्या इंजिनाचा वंशज! म्हणजे दादांची गाडी १९७८ ची असली तरी तिच्या इंजिनाची कुंडली दुसऱ्या महायुद्धाच्याही आधीची. त्या काळच्या इंजिनात भागाभागांमधली फट आजच्यापेक्षा जास्त, आणि आपल्या गाडीत तर झिजून ती आणखी वाढलेली. पातळ तेल तिथे टिकत नाही. सीलमधून झिरपतं, आणि इंजिन तापलं की दाब उतरून तेलाचा लाल दिवा लुकलुकू लागतो.

आता डब्यावरचे आकडे. अमेरिकेतल्या मोटार इंजिनियरांच्या संस्थेने, म्हणजे एसएईने, १९११ मध्ये तेलाची जाडीनुसार प्रतवारी सुरू केली. थंडीत पातळ आणि उन्हाळ्यात जाड अशी दोन तेलं वापरण्याचा त्रास पन्नाशीच्या दशकात मल्टिग्रेड तेलांनी वाचवला. पहिला आकडा थंडीचा, डब्ल्यू म्हणजे विंटर. ५डब्ल्यूची परीक्षा उणे ३० अंशांवर होते, २०डब्ल्यूची उणे १५ वर. आपल्या माधवनगरला जानेवारीच्या पहाटेसुद्धा पारा दहाच्या खाली क्वचितच जातो, तेव्हा त्या ५ साठी जादा पैसे मोजण्यात काय हशील? दुसरा आकडा तापलेल्या तेलाची, १०० अंशांवरची जाडी सांगतो. खरं बघायचं ते तिथे.

आणखी एक गोष्ट जस्ताची. १९४० च्या दशकापासून इंजिन ऑईलमध्ये जस्त आणि फॉस्फरसचं एक संयुग घालू लागले. कॅमशाफ्ट आणि टॅपेट जिथे एकमेकांवर घासतात तिथे त्याचा पातळ थर बसतो आणि झीज वाचते. पण फॉस्फरसमुळे धुराड्यातला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर निकामी होतो, म्हणून पातळ ग्रेडच्या तेलांत त्याचं प्रमाण कमी करत आणलं. २००४ च्या एसएम प्रतीत ०.०८ टक्के ही कमाल मर्यादा आली. ५डब्ल्यू-३० त्यात येतं, २०डब्ल्यू-५० येत नाही. दादांच्या गाडीला कन्व्हर्टरच नाही, पण सपाट टॅपेट आहेत. ते गेले तर आणायचे कुठून? पद्मिनीचं उत्पादन थांबूनच दोन दशकांहून अधिक काळ झाला, आणि मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सीही ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस रस्त्यावरून गेली.

तेव्हा साधं खनिज २०डब्ल्यू-५०, नावाजलेल्या कंपनीचं. जुन्या गाडीला जुनंच तेल, असा मात्र उलटा अर्थ घेऊ नका. डब्यावर एपीआय एसए लिहिलेलं स्वस्त तेल १९३० नंतरच्या बहुतेक इंजिनांना चालत नाही, त्यात मळ धुणारं काहीच नसतं. उलट चांगल्या तेलाने आत साठलेला गाळ सुटतो, म्हणून पहिलं तेल पाच-सातशे किलोमीटरनंतर फिल्टरसकट बदलावं.

आणि निघालेलं काळं ऑईल ओढ्यात ओतू नये. पूर्वी आपण ते वाळवी लागू नये म्हणून चौकटींना फासत असू. आता गॅरेजवाल्याच्या पिंपातच जाऊ दे.